गाडीतला मुका रेडिओ

२००९ सालच्या दिवाळीत, पाडव्याच्या मुहूर्तावर, आम्ही गाडीला नवा स्टीरिओ बसवून घेतला. निळे दिवे, पेनड्राइव्हची सोय, शिवाय रिमोट! मुले खूष, सौ. खूष. संध्याकाळी सारे कुटुंब गाडीत कोंबून स्वारी मांडवी बंदरावर निघाली.

जेटीपाशी गाडी थांबताच अप्पा म्हणाले, "अरे, गाणी पुरे झाली. मुंबई लाव बघू."

आणि इथेच माशी शिंकली! रत्नागिरी केंद्र म्हणजे अगदी घरचे. तेसुद्धा ११४३ किलोहर्ट्झवर खरखरीतून बोलत होते. मुंबईच्या ५५८ चा तर पत्ताच नाही. अप्पांनी शांतपणे पिशवीतून आपला जुना ट्रान्झिस्टर काढला. त्यावर मुंबई स्वच्छ!

"एवढे पैसे मोजलेत, आणि हे काय हो?" सौ.ने विचारले. मला उत्तर सुचेना.

दुसऱ्या दिवशी शेजारचे नाना आले. उभे आयुष्य त्यांनी रेडिओ दुरुस्त करण्यात घालवलेले. म्हणाले, "ट्रान्झिस्टरवर मुंबई येते ना? मग केंद्राला बोल लावू नकोस. दोष गाडीत आहे."

आधी त्यांनी इंजिन बंद करायला लावले. खरखर थोडी कमी झाली. मोबाइलचा चार्जर उपसला, आणखी कमी झाली. पण मुंबई काही येईना. मग स्टीरिओच्या पाठीमागे हात घालून त्यांनी एक निळी तार बाहेर ओढली. तिचे टोक चिकटपट्टीत गुंडाळलेले!

"ही बघ तुझी मुंबई," नाना हसले.

त्यांनी सांगितले ते असे. ५५८ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ५३८ मीटर, आणि गाडीवरची काडी हातभर. एवढ्याशा काडीत सापडणारा संदेश अगदी क्षीण असतो. म्हणून पुष्कळ गाड्यांत एरियलच्या बुडाशी एक छोटा वर्धक बसवतात. त्याला बारा व्होल्टची वीज लागते. मूळचा रेडिओ ती पुरवी. नव्या स्टीरिओत त्यासाठी निळी तार निराळी जोडावी लागते. ती राहिली की वर्धक उपाशी! एफ. एम. कसेबसे निभावते, मध्यम लहर मात्र मुकी होते.

तार जोडली. मग नानांनी एरियलचे बूड उघडले. मांडवीच्या खाऱ्या वाऱ्याने तिथे गंज धरला होता. पत्रा खरवडून स्क्रू आवळला, आणि मुंबई बोलू लागली! मालाडचे प्रक्षेपण केंद्र इथून सुमारे अडीचशे किलोमीटर. पण वाट किनाऱ्याला धरून. खाऱ्या पाण्यावरून मध्यम लहरी कोरड्या जमिनीपेक्षा पुष्कळ दूर जातात, म्हणून बंदरावर ती एवढी स्वच्छ लागते.

परदेशी स्टीरिओ घेणाऱ्यांसाठी त्यांनी आणखी एक खूण सांगितली. आपली मध्यम लहरींची केंद्रे नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर असतात, अमेरिकेतली दहा-दहाच्या. स्टीरिओ अमेरिकेच्या मापावर राहिला तर काटा ११४० वरून थेट ११५० वर उडी घेतो, आणि ११४३ मधेच हुकते! सेटिंग तेवढे बदलायचे.

हे सगळे गाण्यांपुरते असते तर मी लिहिलेही नसते. पण तीनच आठवड्यांनी, ११ नोव्हेंबरला, 'फयान' वादळ कोकणावर आले. आमच्याकडची वीज गेली, मोबाइल मुके झाले, अप्पांच्या ट्रान्झिस्टरचे सेलही नेमके संपलेले. आळीतली माणसे आमच्या गाडीभोवती जमली. त्यांत दोन घरांतली माणसे मासेमारीला गेलेली. दार उघडे टाकून आम्ही रेडिओ लावला. इंजिन बंद, फक्त बॅटरीवर. कुणी बोलेना, सगळ्यांचे कान त्या आवाजाकडे.

आमच्या आळीतले दोघेही तिसऱ्या दिवशी सुखरूप परतले. कोकणातल्या कित्येक घरांतले मात्र परतले नाहीत.

तेव्हापासून दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस, छत्र्या दुरुस्तीला टाकतो त्याच दिवशी, मी एरियलचे बूड उघडून पाहतो.