रिकाम्या डब्याची किंमत

आमच्या चांदूर बाजारला तेलाचा 15 किलोचा डबा रिकामा झाला म्हणून कोणी फेकत नसे. वरचा पत्रा कापून त्यात गहू नाहीतर डाळ भरायची. डबा गंजला की चिरून तोच पत्रा कुडाला ठोकायचा. आता शीतपेयांचे, दूध पावडरीचे, रसगुल्ल्यांचे डबे घरात येतात आणि सरळ उकिरड्यावर जातात. बँकेत हिशेब करण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला हे पाहवत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

विद्यार्थी मित्रांनी डब्याला लोहचुंबक लावून पाहावे. चिकटला तर तो पोलादाचा. त्यावर कथिलाचा पातळ मुलामा असतो. न चिकटल्यास बहुधा ॲल्युमिनियम. दोन्ही धातू पुनःपुन्हा वितळवता येतात. एक टन नवे ॲल्युमिनियम करायला सुमारे 4 टन बॉक्साइट खणावे लागते आणि विजेचे जवळजवळ 14 हजार युनिट जळतात. जुना डबा मात्र 660 अंश सेल्सिअसला वितळतो व त्याला त्याच्या सुमारे 5 टक्केच ऊर्जा पुरते. शंभर रुपयांचे काम पाच रुपयांत! पोलादातही ऊर्जेची बचत निम्म्याहून अधिक होते. ॲल्युमिनियमला भंगारात लोखंडाच्या कितीतरी पट भाव असतो. दोन्ही मिसळून दिले तर तोटा आपलाच.

पण ही निवड करते कोण? पुण्यात 1993 साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया. उकिरडे उपसून पोट भरणाऱ्या या बायांना संघटनेने कामगार म्हणून ओळख मिळवून दिली. 2008 पासून त्यांची ‘स्वच्छ’ सहकारी संस्था महानगरपालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करते. सुका माल विकून आलेले पैसे त्या बाईचेच. शहाण्यासुरत्या माणसांनी हिणवलेल्या या कामात केवढा व्यवहार आहे, हे त्यांनी दाखवले.

आपल्या गावातही सकाळी पोते घेऊन फिरणारी बाई दिसते. कापलेल्या झाकणाची कड सुरीसारखी असते आणि ती लागते तिच्याच बोटांना. म्हणून डबा विसळावा, झाकण आत टाकून तोंड दाबावे आणि डबा ओल्या कचऱ्यापासून वेगळा तिच्या हाती द्यावा. फवारणीच्या औषधाचा डबा मात्र यात घालू नये, आणि धुऊन पाण्याला तर मुळीच वापरू नये.