मुतखड्याची जात

पेडणे-डिचोलीकडील घरांतून मुतखड्यावर कुळथाचे कढण देतात आणि पडलेला खडा फेकून देतात. आमच्या मते चूक होते ती येथे. तो खडा वाळवून डॉक्टरांकडे न्यावयास हवा. उन्हांत राबणाऱ्याचे मूत्र दाट होते हे खरे, पण खडे काही एकाच जातीचे नसतात. सुश्रुतानेही कफाश्मरी श्वेत व गुळगुळीत, पित्ताश्मरी बिब्ब्याच्या बीसारखी आणि वाताश्मरी कदंबपुष्पाप्रमाणे काटेरी, असा भेद रूपावरूनच केला होता. आज खडा चिरून त्याचे थर व घटक पाहतात. घट्ट, तपकिरी मोनोहायड्रेटचा खडा बहुधा मूत्रांत वाढलेले ऑक्झलेट सुचवितो. पिवळसर, टोकदार डायहायड्रेटचा कॅल्शियम. मूत्राची आम्लता घटविली तर यूरिक आम्लाचा खडा विरघळू शकतो. जंतुसंसर्गातून होणारा स्ट्रुव्हाइटचा मात्र तशाच मूत्रांत वाढतो.