मुखशुद्धी : अतिदक्षता विभागातील दुर्लक्षित उपचार

अतिदक्षता विभागाच्या दाराशी तिष्ठणारे नातेवाईक रक्तदाब विचारतात, प्राणवायूचे प्रमाण विचारतात, औषधांची चौकशी करतात. रुग्णाचे दात आज घासले काय, असे मात्र सहसा कोणी विचारत नाही. वस्तुतः व्हेंटिलेटरवरील रुग्णाच्या फुप्फुसांचे आरोग्य बऱ्याच अंशी त्याच्या मुखाच्या स्वच्छतेवर अवलंबून असते.

निरोगी माणसाच्या मुखात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते व ती जंतूंना आवर घालते. तोंडावाटे श्वासनलिकेत नळी घातलेल्या रुग्णाचे तोंड सतत उघडे राहते. ते कोरडे पडते, गिळणेही थांबते. दातांवरील किटणात अवघ्या दोन दिवसांत रुग्णालयातील चिवट जंतू घर करू शकतात. नळीभोवती फुगा असला तरी त्याच्या कडेने दूषित लाळ फुप्फुसांत झिरपते आणि न्यूमोनिया उद्भवतो.

ही साखळी तोडणारा हात परिचारिकेचा असतो. डॉक्टर फेरी करून जातात; रुग्णाच्या उशाशी रात्रंदिवस तीच असते. मुखाची निगा महत्त्वाची आहे, हे बहुतेक परिचारिका जाणतात, असे अनेक देशांतील पाहण्यांत दिसले. उणीव आढळली ती प्रशिक्षणाची, वेळेची व साधनांची. शिवाय नळी हलण्याची धास्ती असतेच. म्हणून पुष्कळदा ओल्या बोळ्याने तोंड पुसण्यावर भागते. मुख स्वच्छ दिसते. परंतु दातांना चिकटलेले किटण नीट निघते ते ब्रशनेच.

शिकलेले ज्ञानही जुने होते. क्लोरहेक्सिडीनने मुख धुणे हा अनेक वर्षे शिरस्ता होता. २०२२ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी व्हेंटिलेटरवरील रुग्णांसाठी तो टाळण्यास सांगितले आणि रोज दात घासण्यावर भर दिला. २०२३ मध्ये १५ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. दात घासलेल्या रुग्णांत रुग्णालयातील न्यूमोनिया आणि अतिदक्षता विभागातील मृत्यू, दोन्ही कमी आढळले.

कृती साधी, पण कौशल्याची आहे. उशाकडील बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवणे, फुग्याचा दाब तपासणे, मऊ लहान ब्रशने दात व जीभ हळुवार घासणे, साचलेले पाणी सक्शनने ओढून घेणे, ओठांना ओलावा देणे आणि नळी जागेवर असल्याची पुन्हा खात्री करणे.

कुटुंबीयांनीही रुग्णाची कवळी वा हलणारा दात यांची माहिती आधीच द्यावी आणि मुखाची निगा कशी घेतली जाते, हे परिचारिकेला आदराने विचारावे. मायेपोटी रुग्णाच्या तोंडात पाण्याचे थेंब मात्र परस्पर घालू नयेत. ते थेंब फुप्फुसांत उतरू शकतात. रुग्णाची कोरड शमविण्याची रीत परिचारिका जाणते. ते काम तिच्यावरच सोपवावे.