प्रयोग म्हणजे शो, की शोध?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा त्याचा लिखित अवतार.

एकांकिका स्पर्धा केलेल्यांना हे चित्र पाठ असेल. स्पर्धा आठ दिवसांवर आलीये. तालमीत एक मुलगी विचारते, "दादा, ही बाई इथे गप्प का बसते? मला अजून कळलंच नाहीये." दिग्दर्शक घड्याळाकडे बघतो. "ते नंतर बघू गं, आधी रन-थ्रू काढू." आणि ते 'नंतर' काही येत नाही. रंगीत तालीम होते, स्पर्धा होते, बाई गप्प बसते, टाळ्याही पडतात. का गप्प बसते, हे मात्र कुणालाच कळलेलं नसतं.

यात दिग्दर्शकाची चूक नाही. तारीख लागली की प्रश्न मागे पडतात. मग तारीखच नसेल तर?

आपल्या भाषेत एक गंमत आहे बघा. नाटकाचा खेळ होतो त्याला आपण 'प्रयोग' म्हणतो, आणि लॅबमध्ये करतात तोही 'प्रयोग'च. पण दोघांचे नियम उलटे आहेत. लॅबमधला प्रयोग फसला तरी काहीतरी कळतं. नाटकाचा प्रयोग फसला तर तिकिटाचे पैसे गेले! नाटकाला लॅबचा नियम लावून बघणारे लोक होऊन गेलेत. आज त्यांचीच गोष्ट.

न उघडलेला पडदा

साल १९०५, मॉस्को. स्तानिस्लाव्स्की तेव्हा मॉस्को आर्ट थिएटरमुळे नावाजलेला होता. तरी नेहमीच्या नाटकांच्या धबडग्यात नवं काही शोधता येत नाही, असं त्याला वाटत होतं. म्हणून त्याने खिशातले पैसे घालून पोवार्स्काया रस्त्यावर वेगळा स्टुडिओ काढला आणि तो तरुण मेयरहोल्डच्या हाती दिला. उन्हाळाभर तालमी झाल्या. मग स्तानिस्लाव्स्कीने रंगीत तालीम पाहिली आणि तो निराश झाला. दिग्दर्शकाच्या कल्पना भन्नाट होत्या, पण त्या पेलणारे नट तयार नव्हते. त्यात रशियात क्रांतीची धामधूम. स्टुडिओ प्रेक्षकांसाठी कधी उघडलाच नाही.

पैसे पाण्यात? हिशोबाच्या वहीत हो. पण 'नट आधी घडवायला हवा' हा धडा इथे पक्का झाला. १९१२ मध्ये स्तानिस्लाव्स्कीने पुन्हा स्टुडिओ काढला, तो नटांच्या शिक्षणासाठीच. मेयरहोल्डही इथलं शोधलेलं बरोबर घेऊन पुढे गेला.

नाटकाची प्रयोगशाळा

आता पोलंड. १९५९ मध्ये ओपोले नावाच्या लहान शहरात येर्झी ग्रोटोव्स्कीने एक छोटं थिएटर हातात घेतलं. खुर्च्यांच्या रांगा फक्त तेरा. काही वर्षांत त्याने नावातच 'प्रयोगशाळा' हा शब्द घातला. प्रश्न एकच: नेपथ्य, मेकअप, लाइट्स, संगीत काढत गेलो तर शेवटी काय उरतं, ज्याच्याशिवाय नाटक होऊच शकत नाही? उत्तर: नट आणि प्रेक्षक.

इथे आपल्याकडचा एक धागाही आहे. ग्रोटोव्स्कीचा सहकारी युजेनिओ बार्बा १९६३ मध्ये केरळच्या कलामंडलममध्ये कथकली बघायला आला होता. तिथला डोळ्यांचा, शरीराचा रियाज त्याने टिपून नेला आणि त्याचा उपयोग पोलंडमधल्या नटांच्या सरावात झाला.

सगळ्यात भारी गोष्ट १९६५ च्या 'द कॉन्स्टंट प्रिन्स'ची. त्यात राजपुत्राचा छळ होतो. ती भूमिका रिशार्ड चेश्लाकची. ग्रोटोव्स्कीने बाकीच्यांना बाजूला ठेवून कित्येक महिने एकट्या चेश्लाकबरोबर काम केलं. आणि कशावर? वेदनेवर अजिबात नाही! चेश्लाकच्या कोवळ्या वयातल्या पहिल्या प्रेमाच्या आठवणीवर. तो शरीराने ते आनंदाचे क्षण पुन्हा जगत होता, आणि प्रेक्षकांना मात्र यातना सोसणारा हुतात्मा दिसत होता.

विचार करा, आठ दिवसांत स्पर्धा असती तर? 'जरा रडून दाखव' एवढंच झालं असतं.

प्रेक्षकच नको?

१९७० मध्ये ग्रोटोव्स्कीने जाहीर केलं, आता नवीन नाटक बसवणार नाही. तेव्हा तो चाळिशीचाही नव्हता आणि जगभर नाव झालेलं! १९८६ पासून इटलीतल्या पोंतेदेरा या गावी तो मोजक्या लोकांबरोबर जुनी विधींमधली गाणी, हालचाल, श्वास यांवर काम करत राहिला. तिकीटविक्री नाही. इतर नाटकवाले येत, काम बघत, आपलं काम दाखवत. १९९९ मध्ये तो गेला, तोवर हेच चाललं.

तुम्ही म्हणाल, प्रेक्षक नाही तर ते नाटक कसलं? प्रश्न रास्त आहे. 'नट आणि प्रेक्षक' म्हणणाराच प्रेक्षकाला सोडून गेला, हे मलाही खटकतं. दुसरा प्रश्न पैशाचा. पोलंडमध्ये सरकारी मदत होती. दिवसभर नोकरी करून रात्री तालमीला येणाऱ्या आपल्या पोरांना असं वर्षानुवर्षं शोधत बसणं परवडेल?

आपल्याकडे सत्तरच्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये 'आविष्कार'ने वेगळी वाट काढली. छोटी जागा, कमी खर्च, मोजके प्रेक्षक. धंद्याचं ओझं उतरलं आणि कितीतरी नवी नाटकं उभी राहिली. पण शेवटी नाटक उभं करायचंच होतं, तारीख होतीच. म्हणजे आपण 'प्रायोगिक' म्हणतो त्यातही बहुतेकदा शो असतोच. शोधाला वेगळी जागा क्वचितच मिळते.

मग आपण काय करायचं?

पोंतेदेराला जायची गरज नाही. आठवड्यातली एकच तालीम अशी ठेवा, जिचा स्पर्धेशी संबंध नाही. तीन-चार जण, एक रिकामी खोली, एक प्रश्न. व्हिडिओ नाही, रील नाही. शेवटी कुणाला काही 'दाखवायचं' नाही. फक्त काय सापडलं आणि काय फसलं, ते वहीत लिहायचं. फसलेलं आधी लिहा.

सुरुवातीला प्रश्न हवा असेल तर तो तयार आहे: ही बाई इथे गप्प का बसते?

करून बघा आणि कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!