तलवाडा, १० ऑक्टोबर १९४५

जव्हार तेव्हा मुकणे घराण्याचे संस्थान होते, मोखाडा ब्रिटिश ठाणे जिल्ह्यात. राज्ये दोन असली तरी डोंगरातली वेठ तीच. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी सावकाराकडे जन्मभर राबणाऱ्याला ‘लग्नगडी’ म्हणत. त्याची बायकोही त्याच वेठीत जाई.

२३ मे १९४५ रोजी ठाणे जिल्ह्यातल्याच झरी गावात किसान सभेच्या परिषदेत वारली आदिवासींनी वेठ नाकारली. पुढाकार सभेचे नेते शामराव आणि गोदावरी परुळेकरांचा. त्या पावसाळ्यानंतर गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. मग गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे, तलवाड्याला जमा, अशी खोटी बातमी गावोगाव पसरवली गेली. हजारो वारली जमले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मेले. बंदूक सरकारची होती, पण माणसे गोळा केली ती अफवेने.

१६ एप्रिल २०२० रोजीही आताच्या पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे मुले पळवणाऱ्यांच्या अफवेतून जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक अशा तिघांना ठार मारले. पोलीस तिथे हजर होते.

वारल्यांच्या त्याच किसान सभेने मार्च २०१८ मध्ये नाशिक ते मुंबई सुमारे १८० किलोमीटरचा मोर्चा काढला. चालणाऱ्यांत आदिवासी बहुसंख्य, मुख्य मागणी वनहक्काची. दहावीच्या परीक्षार्थींना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीच चालून पार केला. सरकारने लेखी आश्वासन दिले. वनदाव्यांचे हेलपाटे मात्र संपले नाहीत.