स्टीव्हियाचं लिंबू सरबत: जिभेला गोड, आतड्याला नाही

उन्हाळा म्हटला की लिंबू सरबत आलंच. घरात कुणाला मधुमेह असेल, तर आजकाल त्यात साखरेऐवजी स्टीव्हिया पडते. ही मूळची पराग्वेकडची वनस्पती. तिथले ग्वारानी लोक तिची पानं पूर्वापार वापरत आलेत. पानांतली स्टीव्हिओल ग्लायकोसाइड्स साखरेच्या 200 ते 300 पट गोड असतात. म्हणजे ग्लासभर सरबताला तुम्ही 20 ग्रॅम साखर घालत असाल, तर तेवढ्या गोडीला शुद्ध अर्क 80 मिलिग्रॅमच्या आसपास पुरतो. चिमूटभरसुद्धा जास्त होते! मग तोंडात कडवटपणा रेंगाळतो, कारण हेच रेणू जिभेवरच्या कडू चवीच्या रिसेप्टरलाही चिकटतात. म्हणून अर्क आधी कपभर पाण्यात विरघळवा आणि ते पाणी चमच्याने, चव बघत घाला. मीठही हवंच, सोडियममुळे कडूपणा दबतो. (पाकिटावरचे घटक वाचा, हं. बऱ्याच पुड्यांत अर्क नावापुरता आणि बाकी एरिथ्रिटॉल किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असतं.)

इथवर ठीक. पण माझं पीएचडीचं काम आतड्याच्या पेशींवर आहे, त्यामुळे पुढचं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

लहान आतड्याच्या पेशींवर एसजीएलटी-1 नावाचं प्रथिन असतं. ते ग्लुकोजचा एक रेणू आत घेताना सोडियमचे दोन आयन सोबत नेतं आणि त्यांच्यामागोमाग पाणी शोषलं जातं. जुलाबातही ही वाट बहुतेक वेळा चालू राहते. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलराच्या रुग्णांना ग्लुकोज-मिठाचं पाणी पाजून वाचवलं, ते याच जोरावर. स्टीव्हियाचे रेणू मात्र लहान आतड्यात पचतही नाहीत, शोषलेही जात नाहीत. ते थेट मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू त्यांना फोडतात. सोडियमला सोबत द्यायला ग्लुकोज नाहीच.

तेव्हा जुलाब-उलट्यांत हे सरबत ओआरएस म्हणून देऊ नका. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. मधुमेहींनाही तेव्हा ओआरएस लागू शकतं. डॉक्टरांना विचारा आणि साखर तपासत राहा. आणि इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला अचानक घाम फुटला, हात थरथरायला लागले, तर त्याला साखरेचंच पाणी द्या. स्टीव्हियाने रक्तातली साखर वाढत नाही, म्हणून तर आपण ती आणली होती ना?