छ 19 साबान

पहाटे 5. जामखेडची पहिली एस.टी. अजून सुटलेली नाही. चहा झाला की कॉलेजआधीचे दोन तास खर्ड्याचे. खर्डा आमच्याच तालुक्यातला. 11 मार्च 1795 ला मराठ्यांनी निजामअलीला तिथे हरवले, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असते.

सकाळी 6. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी छापलेली, मराठ्यांकडून लढलेल्या पटवर्धन घराण्याची पत्रे उघडते. आधी तारीख लावायची. खमस तिसैन मया व अलफ: पाच, नव्वद, शंभर, हजार. सुहूर सन 1195. हे सन मृगाला बदलते, म्हणून मार्चच्या पत्राला 600 मिळवायचे. चुकून 599 मिळवले की पत्र वर्षभर मागे जाते आणि लढाईच हातची निसटते. छ म्हणजे चंद्र, साबान हा हिजरी महिना. छ 19 साबान हा लढाईचा दिवस. वहीत तिथे आडवी रेघ मारली. रेघेच्या वरच्या पत्रांना निकाल ठाऊक नाही. मला तीच जास्त जवळची वाटतात.

11. दुसरा तास. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, बेगम घाबरली म्हणूनच निजाम मागे सरला ना?" उद्या सांगते म्हणाले.

दुपारी 1. डबा खाता खाता मराठ्यांचा इतिहासकार ग्रँट डफ. त्याचा ग्रंथ 1826 चा, लढाईनंतर 31 वर्षांनी आलेला. प्रसंगांची जुळणी पक्की, पण ती नंतरची. परशुरामभाऊ पटवर्धन जखमी झाले, विठ्ठलराव पटवर्धन पडले, यासाठी मी पत्रांवर विसंबते. ते पटवर्धनांच्या घरचे दुःख आहे. लढाईच्या रात्री निजामाच्या डेऱ्यात बेगमेशी काय बोलणे झाले, हे मात्र मराठ्यांच्या छावणीतल्या कारकुनाला कुठून दिसणार? त्यासाठी पलीकडचा माणूस हवा. इंग्रज रेसिडेंट विल्यम कर्कपॅट्रिक निजामाबरोबर होता. पण कंपनीने निजामाला मदत नाकारली होती, तेव्हा त्याचे लिहिणेही जपूनच वाचायचे.

संध्याकाळी 5. खर्डा. निंबाळकरांचा हा भुईकोट तटावरून फिरताना लवकर संपतो. निजाम रात्री इथे येऊन कोंडला गेला आणि काही दिवसांतच त्याला तह करावा लागला. एवढ्याशा आवारात किती माणसे, किती जनावरे मावली असतील? फौजेचे फुगवलेले आकडे मला इथे उभे राहिले की खरे वाटेनासे होतात. तटावरून पावले मोजली, आकडा वहीत घेतला.

रात्री 9. उद्याच्या टिपणातले "बेगमेच्या हट्टापायी" खोडले. "रात्री मागे सरून" एवढेच ठेवले. समासात पेन्सिलने लिहिले: कर्कपॅट्रिक, मार्चची पत्रे.